चार खटके

पार्सल मिस्त्रिणीच्या घरी आलं नाही, शेजारच्या शिंपिणीच्या दुकानात आलं. तसं ठरवूनच केलं होतं. घरच्या पत्त्यावर आलं असतं तर मिस्त्रींनी ते दारातूनच परत पाठवलं असतं, आणि आणणाऱ्या माणसाला चार शब्द ऐकवले असते ते वेगळेच. शिंपिणीनं खोकं कापडाच्या गठ्ठ्यामागे दडवलं आणि दोन्ही घरांमधल्या भिंतीवर कात्रीची मूठ आपटून निरोप दिला.

"वहिनी, एवढं जड काय मागवलंत हो? दागिने म्हणावेत तर खडखडतंय."

"दागिनेच समजा," मिस्त्रीण म्हणाली. "हातातले नाहीत, हात सोडवणारे."

खोक्यातून चार टॉगल क्लॅम्प निघाले. जाड पत्र्याचा पाय, लाल मूठ, पुढे लोखंडी चोच आणि चोचीच्या टोकाला रबराचं बोंड. पाय फळीला स्क्रूनं आवळायचा. मूठ दाबली की चोच लाकडावर येऊन बसते, खट् असा आवाज होतो, आणि मग मूठ परत उचलेपर्यंत लाकूड जागचं हलत नाही. मिस्त्रिणीनं एकाचा पाय टेबलावर तळहातानं दाबून धरला, चोचीखाली कापडाचा तुकडा घातला आणि मूठ दाबली. शिंपिणीनं कापड ओढून पाहिलं. कापड फाटायला आलं, पण चोच काही सोडेना.

"अगंबाई," शिंपीण म्हणाली, "हे तर आमच्या सासूबाईंवर गेलंय. एकदा धरलं की धरलं."

मिस्त्रीण खूप दिवसांनी पोटातून हसली. टॉगल क्लॅम्प हे नाव तिच्या जिभेवर बसेना, म्हणून तिनं त्यांना तिथल्या तिथं खटके म्हणायला सुरुवात केली.

आता ही मिस्त्रीण म्हणजे नावाचीच मिस्त्रीण. खरे मिस्त्री तिचे यजमान. ते चौकटी करायचे, आरशांच्या, फोटोंच्या. त्यांच्या चौकटीचा कोपरा असा मिळायचा की दोन पट्ट्यांच्या मधून केससुद्धा जाऊ नये. लोक लांबून यायचे, कोपऱ्यावरून बोट फिरवायचे आणि मान डोलवायचे. अशा वेळी मिस्त्रींची छाती जरा फुगायची, आणि का फुगू नये? माणसानं आयुष्यभर एकच काम केलं तर त्याला तेवढा हक्क आहे.

घरामागच्या लांबट खोलीला ते कारखाना म्हणत. त्या कारखान्यात मिस्त्रिणीचं काम एकच, धरायचं. मिस्त्री करवतीच्या मशीनवर उभे राहून "धर" म्हणाले की हातातलं टाकून जायचं आणि पट्टी धरायची. काप झाला की ते "सोड" म्हणायचे, की सोडायची. गॅसवर दूध असो, अंगात ताप असो, डोक्यावरून पाणी घेऊन केस ओले असोत, "धर" म्हणजे धर. सगळा संसार या दोन शब्दांत उरकला होता. चारचौघांत मिस्त्री तिच्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "हा माझा शिकंजा." लोक हसायचे. तीही हसायची. आधी मनापासून हसली, नंतर सवयीनं, आणि अलीकडे नुसते दात दाखवत होती.

करवतीच्या बटणाला मात्र तिनं बोट लावायचं नाही. ते मिस्त्रींचं काम. का, असं तिनं एकदा विचारलं होतं तेव्हा उत्तर मिळालं, "का म्हणजे? ते माझं काम आहे." यापुढे काय बोलणार?

हे सगळं असंच चालत राहिलं असतं. पण तिची थोरली बहीण, ताई, अंगणात घसरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. आता घरी महिनाभर कुणीतरी हवं होतं, आणि ताईला ना मूल ना नवरा. आई गेल्यावर मिस्त्रिणीची वेणी याच ताईनं घातली होती, ताटातला मोठा तुकडा हिच्या ताटात टाकला होता. तिचा फोन आला. "अगं, तुला जमलं तर ये. नाही जमलं तर राहू दे." ताईनं उभ्या जन्मात काही मागितलं नव्हतं, आणि आता मागितलं तेही माघार घेत घेत. त्या "राहू दे"नं मिस्त्रिणीच्या काळजाला घरं पडली.

मिस्त्री नाही म्हणाले नाहीत. ते कधीच नाही म्हणत नसत.

"जा की. मी कुठं अडवलंय? फक्त धरणार कोण, तेवढं सांगून जा."

ही त्यांची जुनी खेळी. मागे ती टायफॉइडनं अंथरुणाला खिळली तेव्हा एक मदतनीस ठेवला होता. चांगला धट्टाकट्टा माणूस. पण त्यानं धरलेल्या पट्ट्यांचे कोपरे मिळेनात. "हाताला वळणच नाही," म्हणून मिस्त्रींनी त्याला घालवला. ताईचे यजमान गेले तेव्हा दुसरा ठेवला. त्याचेही कोपरे मिळेनात. ताईच्या डोळ्यांचं पाणी खळलं नव्हतं तेवढ्यात मिस्त्रींचा फोन गेला आणि ही मुकाट्यानं परत आली. त्याबद्दल ताईनं एक शब्द काढला नाही, आणि तेच मिस्त्रिणीच्या मनात इतकी वर्षं सलत होतं. या खेपेला परत यायचं तर ताई काठी टाकून चालायला लागल्यावरच, एवढं तिनं ठरवून टाकलं.

मिस्त्री लाकडाच्या वखारीत गेलेले पाहून तिनं कारखान्याचं दार उघडलं. मशीनवर त्यांचा साचा होता. साचा म्हणजे तरी काय, मशीनवर पुढेमागे सरकणारी एक पाटी आणि तिच्यावर तिरका ठोकलेला लाकडी टेका. या टेक्याला पट्टी लावून धरायची आणि पाटी करवतीवर ढकलायची, म्हणजे पट्टीचं टोक कोपऱ्यासाठी बरोब्बर तिरकं कापलं जातं. लग्नाआधी थोडे दिवस मिस्त्रींनी तो स्वतःच्या हातानं केला होता. त्याच्यावर धूळ बसलेली त्यांना चालत नसे.

तिनं पेन्सिलीनं खुणा केल्या, गिरमिटानं भोकं पाडली आणि दोन खटके पाटीवर बसवले. पहिल्या खेपेला बोंड वर राहिलं, पट्टी खुशाल सरकली. मग तिनं नट फिरवून बोंड खाली आणलं, तर ते इतकं आवळलं की पाटीच वाकली आणि पट्टीवर गोल वळ उठला. "दमानं," ती खटक्याला म्हणाली, "धरायचं असतं, गळा दाबायचा नसतो." नट थोडा सैल केला. मूठ दाबली. खट्. पट्टीला खालून ढकललं, बाजूनं ठोसा दिला, लाकडी हातोड्यानं टोला घातला. पट्टी ढिम्म. शेवटी तिनं सगळा साचा उचलून उलटा धरला, तरी पट्टी लोंबकळून राहिली. त्या रिकाम्या कारखान्यात उलटा साचा छातीशी धरून उभी असताना तिला इतका आनंद झाला की डोळे भरून आले.

मिस्त्री आले ते दारातच थबकले.

"हे काय? साच्याला शिंगं कधीपासून फुटली?"

"धरणार कोण, असं विचारत होतात ना? हे धरणार."

मिस्त्रींनी एक मूठ दोन बोटांनी, मेलेली पाल उचलावी तशी उचलली आणि सोडली. "लोखंडाला काय कळतंय लाकडातलं?"

"लोखंडाला काही कळायची गरज नाही. धर म्हटल्यावर धरायचं आणि सोड म्हटल्यावर सोडायचं. मला तरी तुम्ही आणखी काय कळू दिलंत?"

हे वाक्य तिच्या तोंडून निसटूनच गेलं. मग मिस्त्री सावरले. "बरं. शिंपिणीच्या आरशाची चौकट करायचीच आहे. ती यांच्यावर करू. कोपरे मिळाले तर तू जा, मी हूं की चूं करणार नाही. नाही मिळाले तर हे भंगारात, आणि येत नाही म्हणून ताईला फोन तू स्वतः करायचास."

"करीन," ती म्हणाली.

चार पट्ट्या कापल्या. तिनं नुसते खटके दाबले आणि हात मागे बांधून उभी राहिली. मिस्त्रींनी पाटी ढकलली. काप गुळगुळीत आले, कुठं पट्टी थरथरली नाही. पण चौकट जमिनीवर मांडून तीन कोपरे घट्ट मिळवल्यावर चौथ्यानं आ वासला. चांगली नख जाईल एवढी फट.

"बघ," मिस्त्री म्हणाले.

तिनं खटके पुन्हा आवळले, पुन्हा चार पट्ट्या कापायला लावल्या. पुन्हा तीच फट, त्याच कोपऱ्यात. मग मिस्त्रींनी दोन्ही मुठी उचलून ठेवल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "धर." ती गेली. तिनं धरलं. त्यांनी कापलं. "सोड." चौकट मांडली, आणि चारही कोपरे ओठ मिटावे तसे मिटले.

"शेवटी माझा शिकंजा तो माझा शिकंजा," मिस्त्री खुशीत म्हणाले. त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली आणि हात धुवायला गेले. जाता जाता म्हणाले, "ताईला माझाही नमस्कार सांग."

खरं सांगायचं तर त्या क्षणी मिस्त्रिणीला राग आला, पण त्याच्या तळाशी एक चोरटं सुखही होतं. आपल्या हातात काहीतरी आहे. जगात कुठल्या यंत्राला जमत नाही असं काहीतरी. बायकांना अशाच गोडीनं बांधतात, दाव्याची गरज पडत नाही. ती फोन हातात घेऊन साच्यापाशी बसली. ताईचा नंबर काढला. तो लावायचा धीर होईना, म्हणून दुसऱ्या हातानं चाळा म्हणून तिनं पट्टी टेक्याला लावून धरली, नेहमी धरायची तशी.

आणि तिचं लक्ष गेलं. चार बोटं पट्टीच्या वर होती. अंगठा दिसत नव्हता.

अंगठा पट्टीच्या मागे होता. पट्टीचं शेपूट आणि टेका यांच्या मधे त्याचं नख शिरलं होतं. तिनं हात काढला. टेक्याच्या लाकडावर, बरोब्बर त्या ठिकाणी, वर्षानुवर्षांच्या घासण्यानं गुळगुळीत झालेला डाग होता.

सगळं एकदम आठवलं. नवी नवरी होती. करवत जवळून सूं करत जायची आणि तिचा जीव जायचा. बोटं वर ठेवावीच लागायची, पण अंगठा तरी वाचवावा म्हणून ती तो पट्टीच्या मागे लपवायची. त्याआधी मिस्त्रींच्या चौकटींना फटी पडायच्या. गिऱ्हाइकं परत जायची. ही घरात आली आणि कोपरे मिळायला लागले. सगळ्यांनी म्हटलं, सुनेचा पायगुण चांगला. पायगुण कसला, नख! भ्यालेल्या पोरीचं नख.

तिनं कोपऱ्यातला गुण्या आणला, काटकोन बघायचा तो. आधी एका फळीवर गुण्या टेकवून रेघ मारली, मग तो उलटा करून त्याच रेघेवर दुसरी मारली. दोन्ही रेघा एकमेकींवर पडल्या. म्हणजे गुण्यात खोट नाही. मग पहिल्या दोन चौकटींतल्या दोन पट्ट्या तिनं टोकाला टोक मिळवून त्या गुण्यात बसवल्या. काटकोन व्हायला हवा होता, पण एका बाजूला उजेडाची रेघ दिसली.

खटके खोटं बोलत नव्हते. पट्टी ते टेक्याला अगदी चिकटवून, सरळ धरत होते. टेकाच वाकडा बसला होता, आणि लग्नाआधीपासून वाकडा होता.

त्या दोन मदतनिसांचे पडलेले चेहरे तिच्या डोळ्यांपुढे आले. त्यांनीही पट्टी सरळच धरली होती बिचाऱ्यांनी. आणि आठवली ताई, दारात उभी, न रडता निरोप देणारी. मिस्त्रिणीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"अहो, इकडे या!"

या घरात असा आवाज तिनं कधी काढला नव्हता. भिंतीपलीकडचं शिलाई मशीनसुद्धा थांबलं.

मिस्त्री टॉवेलला हात पुसत आले. तिनं गुण्या दाखवला, पट्ट्या दाखवल्या, टेक्यावरचा डाग दाखवला.

"गुण्या पडला असेल कधीतरी," मिस्त्री म्हणाले.

तिनं रेघा दाखवल्या.

"पट्ट्या ओल्या असतील. लाकूड आक्रसतं."

"मग मी धरलेल्या पट्ट्या काय दुसऱ्या झाडाच्या होत्या?"

"हा साचा मी केलाय," मिस्त्री आवाज चढवून म्हणाले. "माझ्या हातानं."

"आणि इतकी वर्षं माझ्या हातानं सांभाळलाय. तुमचा वाकडेपणा मी नखावर तोलून धरला, आणि वर मला सांगता की ताईकडं कशी जाशील!"

मिस्त्री वाकले, डोळा टेक्याच्या पातळीला आणून बराच वेळ पाहत राहिले. माणूस हट्टी होता, पण कारागीर होता. लाकूड समोर दिसत असताना खोटं बोलणं त्यांना जमेना. उठले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"बाहेर कुणाला सांगू नकोस," ते हळूच म्हणाले.

"मी ऐकलं हो, मिस्त्री!" भिंतीपलीकडून शिंपीण ओरडली. "पण माझा आरसा नीट बसवून दिलात तर मी बहिरी आहे!"

मिस्त्रीण हसली नाही. तिनं पेचकस घेतला आणि टेक्याचे स्क्रू सोडायला लागली. मिस्त्री पुढे झाले. "थांब, मी बसवतो. तू आवर तुझं. जा ताईकडं, मी काय नाही म्हणतोय?"

"तुम्ही परवानगी द्यावी म्हणून मी थांबलेली नाही. संध्याकाळच्या गाडीनं मी जाणारच होते, कोपरे मिळाले असते तरी आणि नसते तरी."

हे खरं नव्हतं. थोड्या वेळापूर्वी ती ताईला फोन करायला बसली होती. पण आता ते खरं झालं होतं.

तिनं टेका गुण्यानं जुळवला, एकेक स्क्रू आवळत गेली आणि प्रत्येक स्क्रूनंतर पुन्हा तपासत गेली. मिस्त्री शेजारी उभे होते. टेका बसला. तिनं पट्टी लावली, दोन्ही खटके दाबले, खट्, खट्. मग ती साच्याच्या धरायच्या बाजूनं निघाली आणि मशीनला वळसा घालून बटणाच्या बाजूला येऊन उभी राहिली.

"हे काय?" मिस्त्री म्हणाले.

"शिंपिणीची चौकट, पुन्हा नव्यानं, सरळ टेक्यावर. मी कापते."

"तू कधी कापलं नाहीस."

"करवतीसमोर मी तुमच्याइतकीच उभी राहिलेय. फक्त पलीकडून." तिनं पदर कमरेला खोचला. "आणि ऐकून ठेवा. महिन्यानं ताई चालायला लागली की मी येईन. धरायला येणार नाही. कापायला येईन. दोन खटके तुमच्या साच्यावर राहू द्या. उरलेले दोन माझे, मी माझा साचा वेगळा करणार आहे."

मिस्त्री आपोआप पलीकडच्या बाजूला गेले, जिथे इतकी वर्षं ती उभी राहायची. तिथून करवत किती जवळ दिसते हे त्यांना ठाऊक नसावं, कारण ते एकदम मागे सरकले. मग पुढे झाले. खटक्यांवर त्यांचा भरवसा नव्हता की हातांना काय करावं ते कळेना, कोण जाणे, पण त्यांनी पट्टी धरली. चार बोटं वर, आणि अंगठा भीतीनं पट्टीच्या मागे.

मिस्त्रिणीनं ते पाहिलं. तिला त्यांची कीव आली, पण तिनं आवाजात येऊ दिली नाही.

"सोडा," ती म्हणाली.

मिस्त्रींनी तिच्याकडं पाहिलं.

"सोडा म्हटलं ना. धरलंय त्यांनी."

त्यांनी हात काढला आणि मागे घेतला. मिस्त्रिणीनं बटण दाबलं.